मोठ्या आईचं लोहचुंबक

नागपूर, ६ ऑगस्ट १९८४

ती. सौ. मोठ्या आईस शकुनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. धानाची रोवणी आटोपली, म्हैस व्याली, मोठ्या बाबांनी नवा चष्मा हरवला हे सगळं लिहून शेवटच्या ओळीत, छातीत बोराएवढी गाठ लागते, असं लिहिलंस! मला अक्षरं तूच शिकवलीस; महत्त्वाचं आधी लिहावं हेही तूच सांगायचीस.

गाठ बहुधा साधीच असेल, पण कॅन्सरचीही असू शकते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात लगेच दाखवून ये. घाबरू नकोस, मी घाबरले आहे तेवढं पुरे. आमच्या प्रयोगशाळेत यावरच काम चाललंय. लोखंडाची डोळ्यांना न दिसणारी भुकटी करून तिच्यावर औषध चढवतो आणि उंदरांच्या रक्तात सोडतो. गाठीवर बाहेरून लोहचुंबक धरलं की औषध तिथेच थांबतं. उंदरांच्या शेपटीवरच्या गाठी विरघळल्या! सर म्हणाले, माझा हात बारीक कामाला चांगला आहे.

लोभ आहेच, माझ्या आगाऊपणाने कमी होऊ नये.

तुझी शकुन

सानगडी, १९ ऑगस्ट

चि. शकुनले अनेक आशीर्वाद.

तुह्या पत्रानं मोठं काम केलं. टेकचंद भोंगेवाल्यापासून फुटक्या भोंग्यातलं चुंबक आणलं आन् फडक्यात गुंडाळून गाठीवर बांधलं. लोखंड पोटात जावं म्हणून विळा तापवून पाण्यात बुडवते, ते पाणी पिते. तुहे मोठे बाबा म्हणाले का यात औषध कुठं आहे. मी म्हटलं, ते शकुन मागून पाठवन.

दवाखान्यात जायले निघालो होतो, खोटं नाई सांगत. पण एसटीतून उतरलो तं भांड्यांचा बाजार लागला. एका दुकानात पितळी लोटा पाहाले वाकली, तं लोटा छातीलेच चिकटला! दुकानदार म्हणे, बाई, सोडा. मी म्हटलं, मी कुठं धरला, तुमचाच लोटा मले धरून राहिला. पितळ चुंबकाले चिकटत नाई हे भंडाऱ्यात लेकरूही जाणते. आत लोखंड, वरून पितळेचं पाणी! अख्खा बाजार जमला. पाच बायांनी आपापले लोटे मले लावून पाहिले. तवरिक दवाखाना बंद झाला.

आता बाया दर बाजारी संग चल म्हणतात. दवाखान्याची घाई नाई, चुंबक काम करून राहिलं.

मोठी आई

नागपूर, २७ ऑगस्ट

ती. सौ. मोठ्या आईस शि. सा. नमस्कार.

लोट्याचं वाचून हसले आणि लगेच लिहायला बसले. चुंबक आजच सोड. चूक माझी आहे. मी तुला अर्धंच लिहिलं. उंदीर बारा होते. सात जगले, पाच मेले, आणि जगलेल्यांतल्या दोघांच्या गाठी परत आल्या. सरांच्या शाबासकीने मी फुगले आणि ते सगळे गाळले. ही भुकटी माणसाला अजून देत नाहीत. माझे केस पिकेपर्यंत देतील की नाही, ठाऊक नाही. विळ्याच्या पाण्याचा तर हिच्याशी काही संबंधच नाही.

आज उपाय एकच, तपासणी आणि लागलं तर ऑपरेशन. त्याने नक्की बरी होशील, असंही मला लिहवत नाही. इथल्या सर्जनना विचारलं. लवकर आल्या तर आशा पुष्कळ, उशीर केला तर कमी, असं म्हणाले. ११ सप्टेंबरला, मंगळवारी, त्यांच्याकडे तुझं नाव लावून ठेवलंय.

रागाव, पण लोभ ठेव.

शकुन

सानगडी, २ सप्टेंबर

चि. शकुनले आशीर्वाद.

चुंबक टेकचंदले वापस केलं. इथं सगळे मले गोडच सांगून राहिले. जडीबुटीवाला म्हणते त्याच्या पुडीनं आजवर कोणी मेलं नाई. टेकचंद म्हणते त्याचं चुंबक कधी फसलं नाई. तुहे मोठे बाबा म्हणतात, बोरच आहे, वाळून जाईन. मेलेले उंदीर तेवढे तूच मोजले. म्हटलं, ही पोरगी आपली फजिती लिहिते, तं चाकूचंही खरंच लिहीत असन. मीही खरं सांगते, चुंबक मी चाकूच्या भेवानंच बांधलं होतं. बाजारात सगळे हसले तेव्हा घडीभर गाठीचा इसर पडला, ते बरं वाटलं.

दहा तारखेले, सोमवारच्या एसटीनं आम्ही दोघं येतो. जेवणाचा खटाटोप नको करू, भाकरी बांधून आणते. एकच अट आहे. डॉक्टर जे म्हणन ते आधी मले सांगजो. मोठ्या बाबाले मी सांगीन, त्याहिले कसं सांगावं ते मले माहीत आहे. तू रडत सांगितलं तरी चालन. गोड करून नको सांगू.

तुही मोठी आई