बारा पानं, बारा खोटी वाक्यं

३ मार्च

पाच महिने इथे एक ओळ लिहिली नाही. माफ कर. पित्ताशयाचं ऑपरेशन, मग लांबलेली सुट्टी, आणि परत आले तर माझा वर्गच माझा राहिला नव्हता — हे लिहायला हात धजेना.

आज लिहितेय, कारण आज मी खूश आहे. कारण चांगलं नाही.

माझी परिचारिकांची तुकडी — अकरा जणी, स्पॅनिशची तोंडी परीक्षा पास झाल्या की परदेशातल्या इस्पितळात नोकरी — आता इथल्याच दुसऱ्या शिक्षकाकडे, टायवाल्याकडे आहे. भर उन्हाळ्यातही टाय लावतो तो. सुट्टीवर जाताना मी तयार केलेली व्याकरणाची बारा पानं विश्वासाने त्याच्या हाती दिली होती. आले तर त्यांच्या छापील प्रती, तळाशी त्याचं नाव. विचारलं. म्हणाला, "अहो मॅडम, व्याकरण काय कुणाच्या मालकीचं असतं?" भाषावर्गाच्या संचालकबाई हसल्या.

पण माझ्या प्रत्येक पानावर एक वाक्य मुद्दाम चुकीचं असतं, मुलींनी शोधून काढावं म्हणून. माझी जुनी पद्धत. उत्तरांचा कागद वेगळा. तो माझ्या पर्समध्येच राहिला. तेव्हा खरंच विसरले होते, लपवला नव्हता. आता आठवलंय. म्हणजे आता लपवलाय.

४ मार्च

आमची बसायची खोली आणि त्याचा वर्ग यांच्यामध्ये फक्त प्लायवुड. आज अकरा आवाज एका सुरात: "पुएदे लेवांता एल ब्रासो?" रुग्णाला विचारायचं असतं, हात वर करू शकता का. अशी दोन क्रियापदं लागोपाठ आली की पहिल्याचं रूप बदलतं — कोण, कधी, सगळं तेच सांगतं. दुसऱ्याने मूळ रूपातच राहायचं: लेवांतार. मुली जे घोकत होत्या त्याचं मराठी करायचं तर — हात वर करतो शकता का?

"छान! पुन्हा!" — टायवाला.

मी चहात बिस्किट बुडवलं. मग आणखी एक.

६ मार्च

नवऱ्याला सांगितलं. "मग देऊन टाक की तो कागद त्याला." म्हटलं, माझी पानं स्वतःच्या नावावर छापताना त्याचा हात थरथरला नाही. "तो तोंडावर आपटेल, ठीक. पण परीक्षा त्याची आहे का?"

मी भांडी गरजेपेक्षा जास्त आवाज करत घासली.

डोळ्यांसमोर चित्र मात्र पक्कं आहे: बाहेरून आलेली परीक्षक, शेजारी संचालकबाई, पहिलीच मुलगी उभी राहते, नेमका तोच प्रश्न. टायची गाठ ढिली होते. मी मागच्या रांगेत, हाताची घडी घालून.

७ मार्च

आठ पानं झाली. चार बाकी.

१० मार्च

जिन्यात त्या तुकडीतली उंच परिचारिका भेटली. ऑपरेशननंतर शुद्धीवर येत होते तेव्हा हिनेच माझे ओठ ओल्या कापसाने टिपले होते. "टाके दुखतात का हो अजून?" मग आपणहूनच — जूनमध्ये जायचं, पोरगी अडीच वर्षांची, सासूबाई सांभाळणार. "पास झाले तर हं."

कागद पर्समध्ये. पर्स खांद्यावर. म्हणाले, "होशील गं."

सूड त्याच्यावर, आणि खड्डा हिच्या वाटेत. हे मला कळत नाही असं नाही. कळूनही जिना उतरले.

११ मार्च

दोनदा त्याच्या वर्गाच्या दारापर्यंत गेले. दुसऱ्यांदा आतून त्याचा आवाज, "काही हवं होतं का, मॅडम? जुन्या नोट्स वगैरे?" एकटाच हसला.

परत फिरले. भोगू दे. परीक्षा उद्याच आहे.

१२ मार्च

अकराच्या अकरा पास! परीक्षक म्हणे थक्क झाली. टायवाल्याला पुष्पगुच्छ. संचालकबाईंचं भाषण, "नव्या पद्धतीचं यश". मीही टाळ्या वाजवल्या.

एकीचंही वाक्य चुकलं नाही. कसं शक्य आहे?

१३ मार्च

उंच परिचारिका निरोप घ्यायला आली. पानं दाखवली. बाराही पानांवर एकेक वाक्य लाल पेन्सिलने खोडलेलं. "पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं होतं ना, प्रत्येक पानावर एक खोटं असतं म्हणून. वर्गात आम्ही नुसतं म्हणायचो, सरांसाठी."

म्हटलं, मग माझ्याकडे का नाही आलात?

"तुम्हीच याल असं वाटलं होतं, मॅडम. परवा दोनदा आलातही."

उद्या नऊला त्याची नवी तुकडी, पानं तीच. त्यांना त्या खोट्या वाक्यांचं मी काहीच सांगितलेलं नाही.

उद्या: साडेआठला उत्तरांचा कागद त्याच्या हातात देणे.