वळणाचा रकाना

१२ ऑगस्ट, सोमवार

आजपासून रस्त्याकडेचं गवत आमचं नाही! म्हणजे ते काढायचं काम आमच्या बांधकाम खात्याचं नाही. आपल्या शिवेतला रस्ता ज्या त्या ग्रामपंचायतीने साफ ठेवायचा. आम्ही फक्त तपासायचं आणि गुण द्यायचे. मैलकुलींची पदं तर आधीच आटलेली — आपापला टापू धरून वर्षभर रस्ता राखणारी ती माणसं. माझ्या हद्दीतले शेवटचे बिरुदेवमामा मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

गुणपत्रक तयार करायचं माझ्या गळ्यात पडलं. शिवकुमार साहेब म्हणाले, "मोजता येईल तेवढंच घ्या, उत्कर्षा मॅडम. उद्या कुणी भांडायला आलं तर फूटपट्टी दाखवता आली पाहिजे."

मग मोजायचं कुठे? — किलोमीटरच्या दगडांपाशी! जागा पक्की, फोटोत आकडा येतो, वाद नाही. दगडाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर साइडपट्टी, गवताची उंची सेंटिमीटरमध्ये, दगडाला चुना. एकूण शंभर गुण. संध्याकाळी घरी जाताना सात रस्ता चौकात अर्धा तास अडकले तरी चिडचिड झाली नाही. बऱ्याच दिवसांनी काहीतरी धड केल्यासारखं वाटलं.

१४ ऑगस्ट

बिरुदेवमामा निवृत्तीच्या कागदावर सही घ्यायला ऑफिसात आले. गावाकडून टेंभुर्णी, तिथून एसटी. नवी टोपी. नऊ वर्षांपूर्वी मी नोकरीला लागले तेव्हा साइडपट्टी म्हणजे काय, पाणी कुठून काढायचं, हे सगळं या माणसाने मला पायी फिरवून दाखवलं होतं. मी त्यांना गुणपत्रक वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर शाबासकी हवी होती.

"दगडापाशी कोन मरतंय, मॅडम? वळनावर बगा की."

त्यांची मोजायची रीत अशी — वळणावर उकिडवं बसायचं. पलीकडून सायकलवर येणाऱ्या पोराचं डोकं दिसलं तर रस्ता साफ. नाही दिसलं तर नाही. "तीस वर्सं हेच केलं. फूटपट्टी कुनी दिली हुती?"

मी म्हटलं, "मामा, उकिडवं बसायला किती गुण देऊ?" तेही हसले. चहा घेऊन गेले.

वळणाचा एक रकाना घालावा असं क्षणभर मनात आलं. पण कुठल्या गावाला एक वळण, कुठल्या गावाला सात. तक्रारींचा पाऊस पडेल. नाही घातला.

३ सप्टेंबर, मंगळवार

पहिली तपासणी. केमकडच्या बाजूची चार गावं. शेवटचं मामांचं हिंगणखडी.

काय दगड सजवलेत! चुना, वर गेरूची पट्टी, भोवती दहा मीटर जमीन लग्नघरच्या अंगणासारखी खरवडलेली. एका दगडाला तर हळदकुंकू. सरपंच मानसिंगराव स्वतः हजर. "मॅडम, तुमी कागद धाडला, आमी गाव कामाला लावलं. लई नेटानं केलंय बगा." नारळ, चहा, पोह्यांची ताटली. शंभरात शहाण्णव.

परत येताना कॅनॉलजवळच्या वळणावर ड्रायव्हरने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. दोन्ही बाजूंना गाजर गवत, माझ्या खांद्याला लागेल इतकं, त्यात वेडी बाभळ. समोरचं काही म्हणजे काही दिसेना! दगडांच्या मधे कुणी विळासुद्धा लावलेला नाही. का लावतील? मीच सांगितलंय कुठे मोजणार ते.

मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला. पत्रकात तो चिकटवायला जागा नाही. शहाण्णव तसेच ठेवले.

४ सप्टेंबर

सगळी गावं नव्वदच्या वर. साहेब खूश. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज मोठी बैठक. दुसऱ्या जिल्ह्याचे अधिकारी आपलं गुणपत्रक बघायला आलेले! मी पडद्यावर दगडांचे फोटो दाखवत होते. मधेच मामांचा फोन. दोनदा कापला, तिसऱ्यांदा बाहेर येऊन घेतला.

"मॅडम, कॅनॉलच्या वळनावर पोरं दिसत न्हाईत. शाळा सुटली की माझ्या जिवात जीव ऱ्हात न्हाई. सरपंचाला सांगून दमलो. त्यो म्हनतो, तितं गुन न्हाईत."

मी घाईत. म्हटलं, "मामा, ते काम आता पंचायतीचं. एवढीच काळजी वाटत असेल तर तुम्हीच एकदा हात फिरवा की!" आणि हसले.

"बरं," म्हणाले. ठेवला फोन.

बैठक छान झाली. पाहुण्यांनी पत्रकाची प्रत मागून नेली.

१८ सप्टेंबर

निकाल लागला. हिंगणखडी पहिलं. दोन ऑक्टोबरला सत्कार, ढाल. पुढच्या वर्षीपासून हेच पत्रक सगळ्या जिल्ह्याला.

२१ सप्टेंबर, शनिवार

बिरुदेवमामा गेले.

सकाळी सातला, कॅनॉलच्या वळणावर. उकिडवे बसून गवत काढत होते. दुधाची पिकअप आली. ड्रायव्हरला दिसलेच नाहीत. टेंभुर्णीला नेईपर्यंत सगळं संपलेलं. विळा हातातच होता म्हणे.

आणखी काही लिहिता येत नाही.

२२ सप्टेंबर

हिंगणखडीला जाऊन आले. सोनाबाई — मामांची बायको — भिंतीला टेकून बसलेल्या. रडत नव्हत्या. माझ्याकडे बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "मॅडमला पानी दे." बस, एवढंच. मी पेला तसाच खाली ठेवला.

२३ सप्टेंबर, सोमवार

चौकशी माझ्याकडेच! साहेब म्हणाले, "हद्द तुमची, तुम्हीच करा. मानसिंगरावांशी बोलणं झालंय. म्हातारा शेळ्यांना पाला आणायला गेला होता. तसं लिहा आणि शुक्रवारपर्यंत संपवा. दोन तारीख आलीच."

म्हणजे कागदावर असं व्हायचं — पत्रक बरोबर, गाव बरोबर, दगड बरोबर. चूक एकट्या मामांची. तीस वर्षं ज्याने रस्ता राखला तो मरताना शेळ्यांमागे रस्त्यात शिरलेला एक बेसावध म्हातारा! असं मी लिहिणार नाही. पण न लिहिलं तर ढाल जाणार, पत्रक जाणार, साहेब तोंड फिरवणार. पुढच्या महिन्यात माझ्या बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर यायची आहे.

२५ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा हिंगणखडी. आधी मामांच्या घरी. गोठा रिकामा. सून म्हणाली, शेळ्या दोन वर्षांपूर्वीच विकल्या. सोनाबाई आत निजलेल्या होत्या, उठवलं नाही.

मग सरपंचाकडे. म्हटलं, "मानसिंगराव, वळणावर गाजर गवत आहे. कुठली शेळी ते तोंडात धरते?"

ते हळूच म्हणाले, "मॅडम, मला काय हौस हाय का? तुमी दगडापाशी मोजलं, आमी दगडापाशी कापलं. तुमी वळनावर मोजलं असतं तर तितं कापलं असतं. मानसं तेवढीच हायेत आमच्याकडं."

मी तशीच उठले.

वळणावर गेले. एक बाजू मामांनी पूर्ण केली होती — बेचाळीस पावलं. मुळासकट उपटून, ढीग करून, माती बाजूला सारलेली. दुसऱ्या बाजूला अकरा पावलं. पुढे गवत उभंच.

मी उकिडवी बसले, ऑफिसच्या गाडीसमोर, ड्रायव्हर बघत असताना. मामांच्या बाजूने शाळेतून येणाऱ्या एका मुलीच्या लाल रिबिनी लांबूनच दिसल्या. दुसऱ्या बाजूला सरकून बसले. काही नाही. नुसतं हिरवं. मग मला तिथेच रडू आलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

अहवाल दिला. सगळं लिहिलं. शेळ्या नव्हत्या. वळण पत्रकात नव्हतं. तीन सप्टेंबरचा माझा फोटो जोडला आणि खाली लिहिलं, की हे बघूनही मी शहाण्णव गुण दिले. हे पत्रक रद्द करावं अशी शिफारस केली.

रकाना सातवा — 'मयत कोणाच्या सांगण्यावरून काम करत होता?' तिथे लिहिलं, 'स्वतःहून.' ते लिहिताना ऊर भरून आला. मामांचा मोठेपणा एका शब्दात आला असं वाटलं.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय, मॅडम." मी म्हटलं, "चालेल." बाहेर येताना ताठ चालत होते. खोटं कशाला लिहू, स्वतःचा अभिमान वाटत होता.

३० सप्टेंबर, सोमवार

मामांचा दहावा. सगळं आटोपल्यावर सोनाबाईंजवळ बसले. सांगितलं, "मामी, मी अहवालात खरं लिहिलंय. मामा कुणी न सांगता, स्वतःहून गावासाठी गेले."

त्यांनी मान हलवली. "न्हाई वो. सरपंच म्हनला हुता, उगं कशाला जातोस. मी बी म्हनलं, आता नोकरी संपली, कुनी सांगितलंय तुमाला? तर म्हनले, मॅडमचा फोन झालाय. मॅडमनी सांगितलंय, हात फिरवा. दुसऱ्या दिसापास्नं रोज पाटंचं जायाचे. लई खुशीत हुते."

मला आधी काही आठवेना. घरी येऊन मागची पानं चाळली. बारा तारीख. माझंच अक्षर.

उद्या ऑफिस उघडताच अहवाल परत मागायचा. 'स्वतःहून' खोडायचं. सातव्या रकान्यात माझं नाव लिहायचं.