बिनहातांची खुर्ची

१२ जानेवारी १८६८, रविवार

आज पुन्हा ती खुर्ची कुरकुरली. प्रवचन ऐन रंगात आलेलं आणि माझ्या पाठीमागे कुर्र — कुर्र.

चर्चमध्ये आमच्या सज्जात पुढे दोनच खुर्च्या. मखमली, हातांच्या. एक माझ्या मुलाची, वोल्डेमारची, कारण तो ड्यूक. दुसरी माझी. त्याचे वडील गेले तरी एल्मेनरोडेची डचेस अजून मीच आहे. सून मागे बसते, बिनहातांच्या साध्या खुर्चीवर. हे मी ठरवलेलं नाही. वनाधिकाऱ्याच्या मुलीशी लग्न करायचं तर ड्यूकला वेदीसमोर उजवा हात पुढे करता येत नाही, डावा करावा लागतो. आणि डाव्या हाताच्या बायकोला नवऱ्याची पदवी मिळत नाही. तिला सगळ्यांनी नुसतं 'फ्राउ', म्हणजे बाई, म्हणायचं, बस्स. वोल्डीला हे सगळं ठाऊक होतं. प्रेमात पडला, त्याला मी काय करू?

पण प्रवचन संपेपर्यंत स्थिर बसता येऊ नये एखादीला?

१५ जानेवारी

कुरकुरीचं कारण कळलं. सुनेला, थेक्लाला, दिवस गेलेत. वोल्डीने कॉफी पिता पिता सांगितलं. कान लाल झाले होते त्याचे, लहानपणी व्हायचे तसे.

"आईसाहेब, आता तरी तिला डचेस करू या."

माझ्या संमतीवाचून तिला पदवी द्यायची नाही, असा शब्द त्याने लग्नाआधी मला दिलाय. आता तोच सोडवून मागतोय.

"मग मी कोण?"

"तुम्ही माझी आई."

गोड बोलण्यात बापावर गेलाय. आई काय, शिंप्यालाही असते. नवी डचेस आली की जुनीने चंबूगबाळं आवरून मूसबाखच्या घरात राहायला जायचं, ही आमच्या घराण्याची रीत. माझ्या सासूबाई गेल्या होत्या. जाताना माझ्याकडे अशा बघत होत्या, जशी काही मी त्यांची चांदी चोरलीय. मूसबाखचं धुराडं सगळा धूर घरातच सोडतं. भिंतींना ओल. शेजार म्हणजे तळ्यावरची बदकं.

नाही म्हणून सांगितलं.

२६ जानेवारी, रविवार

प्रार्थनेनंतर पास्टर राथमान आले. टोपी हातात नुसती फिरवत होते.

"सरकार, राजघराण्यात बाळाची चाहूल लागली की देशातल्या प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थना होते. या खेपेला काय करायचं?"

"प्रार्थनेत काय म्हणता तुम्ही?"

"आमच्या डचेसची सुखरूप सुटका होवो."

"मग तसं कसं म्हणणार?"

"तेच म्हणतो मी, सरकार. डचेस देशात एकच, आणि आपलं वय बघता लोक म्हणजे जरा..."

माझी सोबतीण फ्राउलाइन फॉन बुख पंख्याआड खोकली. खोकला होता म्हणे. मला कळत नाही जसं काही.

प्रार्थना होणार नाही. नियम म्हणजे नियम.

९ फेब्रुवारी, रविवार

कुर्र.

८ मार्च

थेक्ला उशीच्या अभ्र्यावर भरतकाम करतेय. टाके बघवत नाहीत. हरीण आहे म्हणे.

"मला तर शेळी वाटली," मी म्हटलं.

"मलाही शेळीच वाटते, सरकार. पण बाबांना सांगू नका. नमुना त्यांनी काढून दिलाय."

हसायचं नव्हतं मला. हसले. मग विचारलं, कशासाठी एवढा खटाटोप?

"चर्चमधल्या खुर्चीसाठी. उशी घातली की आवाज कमी येईल. तुम्हाला त्रास होतो ना."

तोंडावर टोमणा मारणारी माणसं मला बरी पडतात. त्यांना उत्तर देता येतं. ही मात्र खरंच काळजीने बोलत होती. मी आपली खिडकीबाहेर बघत बसले.

५ एप्रिल, रविवार

तिचे पाय सुजलेत. आज एकदम विचारलं तिने, "तुमच्या वेळी भीती वाटली होती तुम्हाला?"

मला असं कुणी विचारत नाही. मी म्हटलं, छे.

साफ खोटं. वोल्डीच्या आधी माझी दोन बाळं गेली. वोल्डीच्या वेळी मी अंथरुणातून उठतच नव्हते. नवरा शिकारीला गेलेला. पण रविवारी घंटा व्हायची आणि थांबायची, आणि मला कळायचं, आता माझं नाव घेताहेत. गिरणीवाले, दूधवाल्या, ज्यांनी मला कधी पाहिलंही नाही अशी माणसं. सगळ्या गावांतून. त्या एका गोष्टीवर मी पुढचा रविवार गाठायचे.

हे तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न मला मलाच विचारावा लागला असता.

१७ मे, रविवार

आत्ता कुठे लिहायला बसले.

पहाटेपासून तिला कळा येत होत्या. मूल अडलं. डॉक्टर कुणाकडे बघेनात. वोल्डी जिन्याच्या पायरीवर बसलेला, ड्यूक असून. मी आत गेले. तिने माझा हात डाव्या हाताने घट्ट धरला. उजव्यात कळांच्या वेळी ओढायला पलंगाला बांधलेला दोर होता.

तेवढ्यात घंटा सुरू झाली.

"रविवार ना आज?" ती म्हणाली. "बाबा एकटेच प्रार्थना म्हणत असतील माझ्यासाठी."

मी उठले. पायांत घरातल्या सपाता होत्या, तशीच अंगण ओलांडून गेले. सज्जात नाही, खालच्या दाराने, लोकांमधून. सगळं चर्च उभं राहिलं.

"पास्टर, डचेससाठी प्रार्थना करा. बाळंत होतेय ती."

"सरकार, डचेस तर आपण —"

"होते. आता माझी संमती आहे, इथे सगळ्यांसमोर देतेय. कागद वोल्डी उद्या करेल. तिचं नाव थेक्ला. चला, वेळ घालवू नका."

"आणि आपण?"

"मी मूसबाखला. तिथे बदकं आहेत."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळे गुडघ्यांवर आले. मीही तिथेच टेकले, एका चांभारणीशेजारी. 'आमच्या डचेस थेक्ला' असं ती अगदी पोटातून म्हणत होती. तिने कधी थेक्लाशी दोन शब्द बोलल्याचंही मला माहीत नाही. वर सज्जात हा आवाज इतका येत नाही. इतकी वर्षं मी वरच बसले.

परत गेले आणि तिच्या कानाशी म्हटलं, "सगळं गाव तुझं नाव घेतंय." ऐकलं तिने. माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

दुपारी मुलगी झाली. मुलीला गादी नाही, त्यामुळे दरबारी मंडळींची तोंडं उतरली. मला काही फरक पडला नाही. आई शाबूत आहे, पोर खणखणीत रडतेय. मी पण रडले, भरपूर.

१९ मे

वोल्डी म्हणाला, "आईसाहेब, जायची काही घाई नाही."

"आहे. हिवाळ्याआधी धुराडं दुरुस्त करून घ्यायचंय."

फ्राउलाइन फॉन बुख पडलेल्या चेहऱ्याने विचारत होती, बदकं चावतात का. म्हटलं, खोकणाऱ्यांना चावतात.

२८ जून, रविवार

थेक्ला बाळाला घेऊन पहिल्यांदा चर्चला आली. मीही मूसबाखहून आले. प्रार्थनेत माझं नाव दुसरं घेतलं.

मागे बसले. खुर्चीवर शेळीची उशी ठेवलेली होती. तरी कुरकुरलीच. पुढे थेक्लाचे खांदे हसून हसून हलायला लागले. मग तिने वळून पोर माझ्याकडे दिलं.

बिनहातांच्या खुर्चीत हे एक बरं. मूल मांडीवर घेतलं की कोपर कुठे अडत नाही.