न धुतलेला दगड

प्रिय सखाराममामा,

घटना क्रमाने मांडते. क्रम चुकलेला मला चालत नाही, हे आपल्या विभागात तुमच्याइतके कोण जाणते?

गेल्या सोमवारी सईने, माझ्या संशोधक विद्यार्थिनीने, मेफ्लाय या कीटकाची ओढ्यातली अळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्या अळीला चमकणारा रंग चढवलेले जिवाणू खायला घातले होते. अळीचे आतडे हिरवे उजळले. मंगळवारी मी शंका काढली: पोटात गेले म्हणजे अंगी लागले असे नव्हे. बुधवारी तिने दुसरी वही पुढे केली. अंधारात ठेवलेल्या दगडांवर शेवाळ उगवत नाही, जिवाणूंचा बुळबुळीत थर मात्र चढतो. त्या थरावरच्या अळ्या महिनाभर वाढल्या; घासलेल्या दगडांवरच्या मेल्या. गुरुवारी मी कार्यालयातून तुमची फाइल मागवली. आज शुक्रवार, आणि तुम्हाला हे जग सोडून आठ महिने झाले आहेत.

तुम्ही आमचे प्रयोगशाळा परिचर. खडकवासल्याच्या वरच्या ओढ्यातून अळ्या आणि दगड तुम्हीच आणायचात. दगड ब्रशने घासून, उकळून मगच टाकीत ठेवायचे आणि अळ्यांना मी तयार केलेली शेवाळाची पूड घालायची, असा माझा नियम होता. अळ्या उत्तम जगत. श्रेय अर्थातच पुडीचे! त्यावर मी शोधनिबंधही छापला.

मग एका सकाळी तुम्ही ओला, बुळबुळीत दगड टाकीत सोडताना मला दिसलात.

"मामा, हे काय? घाण आहे ती!"

"घाण न्हाई बाई, जेवान हाय त्यांचं. ताट तुम्ही लख्ख घासलंय खरं, पन त्यात वाढलंय कुठं?"

"मग पूड काय मी शोभेला घालते?"

"ती तळाला बसती. मी रोज सकाळी काढून टाकतो. म्हनून तर एक दगूड तसाच सोडतो."

दोन विद्यार्थी हसले. मला लागले ते हसणे की तुमचे उत्तर, हे तपासायला हवे होते. मी तपासले नाही. मेमो टाइप केला. 'परवानगीविना न धुतलेला दगड टाकीत ठेवला. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

"खुलासा टाकीतच हाय की, बाई. बघा तरी."

"तोंडी चालणार नाही."

त्या दिवसापासून तुम्ही नियम काटेकोर पाळलात. पंधरा दिवसांत अळ्या मेल्या. मी दोष दिला महापालिकेच्या पाण्याला! पाणी आधीही तेच होते, मामा. इतके साधे मला का दिसले नाही? आणि तुम्ही तरी पुन्हा का बोलला नाहीत? मेलेल्या अळ्या मोजून मला आकडा सांगितलात, ब्रश खुंटीला लावलात आणि घरी गेलात. तुमची ही आज्ञाधारकता मला आजही मान्य नाही.

निवृत्तीच्या दिवशी शाल मीच घातली, भाषणही मीच केले. मेमो फाइलमध्ये तसाच राहिला.

काल तो पुन्हा वाचला. तुमचे निरीक्षण अन्य कुठेही लिहिलेले नाही. माझ्या वह्यांत नाही. तुम्हाला तर आम्ही वही दिलीच नव्हती. ते केवळ या कागदावर आहे, तारखेसह, माझ्या सहीने, गुन्हा म्हणून.

सई म्हणाली, "मॅडम, नव्या निबंधाच्या आभारांत मामांचं नाव टाकू या ना." मी नकार दिला. आभार मदतीचे मानतात. हे निरीक्षण तुमचे आहे. ते निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात, तुमच्या पूर्ण नावाने आणि मेमोच्या तारखेसह येईल. माझा जुना निष्कर्ष चुकीचा होता, हेही त्याच पानावर माझ्या नावाने छापले जाईल. हे वचन.

मेमो मी आज मागे घेतला आहे. तसे पत्र फाइलला लावले. मूळ कागद मात्र फाडलेला नाही, कारण तुमचा पुरावा तोच. यास आपली हरकत असल्यास, किंवा नसल्यासही, तीन दिवसांत लेखी कळवावे.

तोंडी चालणार नाही.

आपली,
बाई
प्राणिशास्त्र विभाग, पुणे