जागलीवरची पोरगी

पप्पा, ती मला भेटली. तीच, तुमची जागलीवरची पोरगी. आपल्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी जेवताना तुम्ही जिचं कौतुक करायचे आणि मी मान खाली घालून भात चिवडत बसायची, ती. तुम्हाला आठवत असेल तर टेबलावर तुम्ही दोन वाट्या ठेवायचे, तो गोल. लिंबू म्हणजे बॉल. आणि चमचा आडवा फेकून दाखवायचे, "अशी पडली ती पोरगी! धानाच्या बांधीत चिखल हाये की गोटे हायेत, बघितलंच नाही!" मम्मी हसायची. ड्युटीवरून थकून आलेली असली तरी हसायची. मी एकदा तुमच्या गोलची एक वाटी उचलून घेतली आणि म्हटलं, मला रस्सा पाहिजे. तुम्ही वाढलं, दुसरी वाटी आणली आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. म्हणजे बघा, एक गोल होता होता वाचला, तोही मला दोनदा ऐकावा लागला.

सोमवारी पहाटेच्या एसटीने तुम्ही सावली तालुक्याला जायचे, तिथून पुढे तुमच्या त्या गावाला, जिल्हा परिषदेच्या शाळेत. शनिवारी संध्याकाळी परत. मला तुम्ही फक्त रविवारी मिळायचे आणि त्यातही सकाळ विहारात, दुपार झोपेत. राहिलं काय, तर संध्याकाळचं स्पेलिंग. मी कॉलनीच्या ग्राउंडवर जाते म्हटलं की तुम्ही म्हणायचे, "आधी दहा शब्द." आणि शब्द तरी कोणते द्यायचे? गोलकीपर. पेनल्टी. सब्स्टिट्यूट. रेफरी. मी एकही चुकवायची नाही. दहा झाले की बाहेर अंधार पडलेला असायचा. तुम्ही एकदा नागपूरला गेले तेव्हा माझ्यासाठी फुटबॉलचं गुळगुळीत पानांचं इंग्लिश पुस्तक आणलं होतं, आणि त्याच पिशवीत एक बॉल होता. मी बॉलला हात लावला तर तुम्ही म्हणाले, "तो शाळेचा आहे बेटा, पुस्तक तुझं." तेव्हापासून मला हे कळत होतं की तुमचे दोन भाग आहेत, आणि मला पुस्तकवाला मिळाला. बोलणंसुद्धा वेगळं होतं तुमचं. माझ्याशी तुम्ही एकदम स्वच्छ, शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायचे. "काऊन व", म्हणजे "का गं", वगैरे सगळं त्या गोष्टींमधल्या पोरींसाठी. मी एकदा "काऊन पप्पा" म्हटलं तर टोकलं तुम्ही मला. "कॉन्व्हेंटमध्ये असं बोलतेस का?"

मी सहावीत होते तेव्हा तुम्ही गेलात, तेही तिथेच, त्यांच्या ग्राउंडवर, शुक्रवारी. मी शनिवारची वाट बघत होते. शेवटचं पाणीही तिथल्याच कोणीतरी पाजलं.

आता मी जे करते ते ऐकलं तर तुम्हाला हसू येईल. एका संस्थेतर्फे गावातल्या शाळांमध्ये फुटबॉलमधून इंग्लिश शिकवते. गावांची यादी आली, त्यात तुमचं गाव दिसलं, आणि मी कोणी विचारायच्या आत हात वर केला. शाळेमागच्या पटांगणात माझा तास असतो. पप्पा, मी खरंच चांगलं शिकवते हां. चुन्याने मोठी वर्तुळं आखते, प्रत्येक वर्तुळात एक चित्र. मी ओरडते "कॉर्नर!" की सगळ्या पोरी त्या वर्तुळात धावतात, जी शेवटी पोचते तिने तो शब्द अंगाने करून दाखवायचा. कपड्यांच्या चिमट्याने पाठीवर कार्ड लावते, आणि आपल्या पाठीवर काय आहे ते मैत्रिणींना प्रश्न विचारून ओळखायचं. एकीच्या पाठीवर 'रेड कार्ड' होतं, तिने विचारलं, "मी चांगली हाये का वाईट?" सगळ्या ओरडल्या, "लय वाईट!" आणि ती रडायलाच लागली. मग मी माझ्या पाठीवर तेच कार्ड लावून घेतलं आणि त्या सगळ्यांनी मिळून मला ग्राउंडच्या बाहेर हाकललं. असं सगळं मजेत चाललं होतं. थंडीत चंद्रपूरला स्पर्धा आहे, तिथे रेफरी आणि बाकीच्या टीम सगळं इंग्लिशमध्येच बोलणार. आपल्या पोरींनी तिथे तोंडाकडे बघत उभं राहू नये, एवढंच मला पाहिजे होतं.

पहिल्यांदा खरी मॅच लावली त्या दिवशी मी ओरडले, "डिफेन्स, बॅक! बॅक!" शब्द पाठ होता त्यांचा. तर सगळ्या पोरींनी बॉलकडे पाठ फिरवली आणि आपल्या गोलकडे अशा पळत सुटल्या जशी शाळा सुटली. बॉल आरामात मागून आला आणि आत गेला. मी ओरडतेय, फिरा, फिरा! तेवढ्यात कडेला उभी असलेली एक बाई, अंगणवाडीतली मदतनीस, तिची पोरगी माझ्या टीममध्ये आहे, ती जोरात बोलली, "रोवणा लावा व पोरीहो! रोवणा!" आणि काय झालं माहितीये? सगळ्या एका ओळीत आल्या, थोड्या वाकल्या, तोंड बॉलकडे, आणि एकेक पाऊल मागे जाऊ लागल्या. सगळ्यांची पावलं बरोबर. जशा बाया धान रोवताना मागे मागे सरकतात, एकीनेही ओळ सोडायची नाही, पाठ फिरवायची नाही. कोणाला काही सांगावं लागलं नाही. बॉल धुऱ्याबाहेर गेला, शेताच्या बांधाबाहेर, म्हणजे टचलाइनबाहेर, तर दोन्हीकडच्या पोरी हात नाचवत भांडायला लागल्या, "माह्या धुऱ्यात काऊन आली व?" "तुह्या बापाचा धुरा हाये का?" आणि भांडता भांडता एकीने डोक्यावरून दोन्ही हातांनी बॉल आत फेकला. तो थ्रो-इन. मी ज्याच्यासाठी दोन तास कार्डं रंगवली होती तो.

आणि गोलमध्ये उभ्या पोरीला त्या 'जागली' म्हणाल्या. समोरून बॉल घेऊन येणाऱ्या डुक्कर, त्या तोंडाने घुर्र घुर्र करत येतात, आणि गोलमधली पोरगी जागली. रात्री शेतात डुकरांपासून धान राखायला जातात तशी. पप्पा, तो शब्द मी आपल्या टेबलाशिवाय दुसरीकडे कधीच ऐकला नव्हता. मला वाटलं कोणीतरी आपल्या घरातलं भांडं उचलून नेलंय आणि त्यात गावभर जेवण चालू आहे.

मी त्या बाईकडे गेले. म्हटलं, "ताई, हे कोणी शिकवलं यांना?"

"मीनं शिकवलं. घरी शिकवतो ना पोरीले. पन हे आमच्या सरायचं हाये." ती एकदम तोऱ्यात बोलली. "आमच्या सरायसारखं कोनी शिकवलं नाई. तुमचंबी चांगलं हाये मॅडम, कागद-बिगद रंगवता तुमी. पन आमचे सर वेगळे होते."

"आमचे सर", "आमच्या सरायचं". तिसऱ्यांदा ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचे सर माझे पप्पा होते."

जे बोलायचं नाही म्हणून ठरवून आले होते तेच. आणि आवाजही बरा नव्हता माझा. पोरी थांबल्या. त्या बाईने तोंडावर हात ठेवला. "अगं माय! इंग्लिसवाली पोरगी तूच का व?"

'तुमी' गेलं, 'तू' आलं. हात धरून घरीच घेऊन गेली. मी नको नको म्हणते तर, "गप बस. सरायची पोरगी चहा न घेता जाईन का मह्या दारातून?" चुलीवर चहा ठेवला, नवऱ्याला शेजारून दूध आणायला पाठवलं. आणि बोलायला लागली ती थांबेचना. "तुले काय सांगू! रोज तुहं चालू राहे त्यायचं. माही पोरगी असं वाचते, माही पोरगी तसं बोलते, दहापैकी दहा घेते. मी जागलीवर एवढी पडलो झडलो, गुडघे फोडून घेतले, आन् सर काय म्हणत? शाबास, पन माही पोरगी याचं स्पेलिंग सांगते! मले असा राग ये ना तुहा! मी म्हणो, ते पोरगी एक दिवस इथी येऊ दे, तिच्या तोंडावर बॉलच मारतो." आणि हसायला लागली. मीही हसले. हसावंच लागलं.

मग ती म्हणाली, "सरायचे शब्द पोरीले येतेच. ते मी देईन. तू तुहे दे. ते चंद्रपूरले चालतात." मी म्हटलं, हो. आता आम्ही दोन्ही शब्द चालवतो. मी ओरडते 'डिफेन्स', ती ओरडते 'रोवणा', पोरी ओळीत मागे सरकतात. कोणाचा शब्द त्यांना आधी ऐकू येतो ते मी अजून बघते, हे खरं आहे. तिचाच येतो.

पण मला लिहायचं होतं ते दुसरंच. चहा पिऊन झाला, मी उठले, तर ती कपबशी हातात घेऊन दारात उभी राहिली. एवढी बोलकी बाई, पण एकदम लहान पोरीसारखी अडखळली. म्हणाली, "एक विचारू का व? सर घरी गेले की आमचं नाव कधी निघे का? म्हणजे माहं? का तिथी गेले का भुलून जात?"

पप्पा, तुम्ही असते तर तिला काय सांगितलं असतं ते मला माहीत आहे. दोन वाट्या, लिंबू, चमचा. मम्मी कशी हसायची. मला सगळं, सगळं आठवतं, तुम्ही चमचा टाकताना तोंडाने काय आवाज काढायचे तेसुद्धा. ती वाट बघत होती. तुम्ही माझ्याबद्दल बोलायचे ते सगळं तिने मला देऊन टाकलं होतं, न मागता, चुलीसमोर बसून.

मी म्हटलं, "मी लहान होते ताई. आठवत नाही."

ती म्हणाली, "हो ना, तू तं लहानच होती," आणि कपबशी आत घेऊन गेली.

मंगळवारी माझा तिकडचा तास आहे. मी सांगू शकते. दर मंगळवारी एसटीत बसते तेव्हा ठरवते, आणि दर मंगळवारी तिला कडेला उभी बघून गप्प राहते. तिच्याकडे तुमचे आठवड्याचे सहा दिवस आहेत, तुमची भाषा आहे, तुमचा शेवटचा शुक्रवार आहे. तुम्ही रविवारी तिच्याबद्दल काय बोलायचे, एवढंच तिच्याकडे नाही. ते फक्त माझ्याकडे आहे. अजून थोडे दिवस राहू द्या, पप्पा.