अंगठ्याची रेघ

११ नोव्हें., मंगळ.
सौ.च्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले. ती अजून खालच्याच खोलीत; ओटा, देव सगळं वर. जिन्याचा कठडा वाळवीने खाल्ला. "धरायला काही नसेल तर चढणार नाही," एकच धोशा. बिरजू सुतार म्हणतो, "बाबूजी, शुक्र तक फाइल दीजिए, मशीन काट देगी." सागवान एकच आहे. चुकलं की गेलं.

१२, बुध.
कॉम्प्युटरवर कठड्याचा छेद काढला, म्हणजे आडवा कापला तर दिसेल तो आकार. वरून गोल, आतल्या अंगाला अंगठ्याची खाच. तो जिन्याच्या रेषेवरून ओढत नेला की कठडा तयार. सरळ भागात झकास. सातव्या पायरीच्या वळणावर छेदाने पीळ खाल्ला, खाच थेट जमिनीकडे. सौ.ला दाखवलं. "अहो, मला जिना चढायचाय. जिलबी नकोय."

१३, गुरु.
छेदाला बजावलं, वळलास तरी तोंड एकाच दिशेला. पीळ गेला, पण वळणावर कठडा पापडासारखा पातळ. आगीतून फुफाट्यात.
दुपारी बाबा आठवले. हा कठडा त्यांनीच केलेला, मी दहा-बारा वर्षांचा. रंधा थांबवून आईला हाक, "जरा चढून दाखव गं." ती चढायची, अंगठा पडेल तिथे ते पेन्सिलीची खूण करायचे. मग खुणा जोडायच्या. म्हणजे रेघा दोन! मी एकीवरच भागवत बसलो. एक जिन्याची, दुसरी अंगठ्याची. खाचेने या दुसरीकडेच बघायचं.
जुन्या तुकड्यावरून माप घ्यायला लागलो तर सौ. म्हणते, "ती सासूबाईंची खाच. माझा अंगठा कधी बसलाच नाही तिच्यात."
चाळीस वर्षांत बोलली नाही!
"तुम्ही विचारलंत कधी?"

१४, शुक्र.
सकाळी तिला खुर्चीत बसवलं. वाळवीतून वाचलेला तुकडा एकेका पायरीच्या चढाइतका तिरका धरला. तिच्या अंगठ्याला कुंकू. चौदा ठिपके. आईच्या खाचेपासून बोटभर खाली. ठिपके जोडून दुसरी रेघ दिली; पीळ नाही, जाडी शाबूत. फाइल बिरजूकडे. बाबा असते तर म्हणाले असते, उशिरा का होईना…

१८, मंगळ.
कठडा बसला. पॉलिश बाकी. सौ. उठली, मी मागे. हात लावू दिला नाही. सहा पायऱ्या. सातवीला वळणावर थांबली, अंगठा खाचेत पुढेमागे फिरवत राहिली. मग, "बाकीच्या उद्या बघू."
वर जाऊन ओटा पुसून ठेवलाय. तिचा मिसळणाचा डबा नेहमीच्या जागी.