नावापुरती मोकळी जागा

दूधविनायक, काशी
गुरुवार, ता. ११ फेब्रुवारी १९०९

चि. शरदिनीस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. नानांचा खोकला कमी आहे, आईचे गुडघे कुरकुरतात, आणि तुझ्या वहिनीने बजावले आहे की आज हे पत्र लिहिल्याशिवाय मला पान वाढले जाणार नाही.

वेद शिकवणाऱ्याने वर इंग्रजी तारीख घालावी याचे तुला हसू येईल. काय करू? आपल्या घरी आज माघ वद्य षष्ठी, तर भिंतीपलीकडे मिसिरजींच्या घरी इकडच्या पंचांगाने फाल्गुनाचा सहावा दिवस. अकरा तारीख तेवढी दोन्ही घरांत एक. आणि या तारखेने मला पुरते गाठले आहे.

पाच वर्षांपूर्वी याच तारखेला समोर विश्वेश्वरपंतांच्या ओट्यावर पहिल्यांदा तबकडी चढवली आणि फोनूगिलास वाजला. आठवते? सारी गल्ली तोंडात बोट घालून उभी होती. तू कर्ण्याच्या मागे जाऊन गाणारी बाई शोधलीस, म्हणून मी तुला वेडी म्हणालो. लोक पांगल्यावर मीही गुपचूप मागे जाऊन पाहून आलो होतो. हे तुला कधी सांगितले नव्हते.

गेल्या वर्षी याच तारखेला तू कलकत्त्यात तबकडी भरायला साहेबाच्या कर्ण्यापुढे गायलीस. तू तारीख आधी पत्राने कळवली होतीस, म्हणून ठाऊक. त्या पत्राविषयी पुढे लिहितो.

आज सकाळी पंचगंगा घाटावर स्नान करून परतलो, तो विश्वेश्वरपंतांनी हाक मारली. "ढुंढिराज, चौकातून नवी तबकडी आणलीय. वर नाव नाही, नुसतं 'बनारसची एक बाई' छापलंय. ऐकून तर जा." त्यांनी चावी दिली, सुई टेकवली. चैती होती. पहिल्या आलापालाच मी ओल्या धोतरानिशी खाली बसलो.

शरदे, काय गायलीस ग! दूधवाला डोक्यावर हंडा घेऊन उभा होता, तो उतरवायचे विसरला. 'हो रामा' म्हणताना तू सूर असा खाली आणलास की मला श्वास घ्यायचे भान राहिले नाही. वीस वर्षे मी शिष्यांना बोटे वरखाली करून स्वर शिकवतो. आज कळले, मला त्यातले फारसे काही कळत नाही. खरे सांगतो, मला भीती वाटली. माझ्याशी पोळीवरून भांडणारी ही मुलगी एवढी मोठी कधी झाली?

आई कधी येऊन शेजारी उभी राहिली ते कळलेच नाही.

गाणे संपले. तबकडी संपता संपता सगळ्या बाया ठसक्यात आपले नाव सांगतात, त्याचीच सारे वाट पाहत होते. तू श्वास घेतलास, तोसुद्धा ऐकू आला. मग काही नाही. नुसती सुईची खरखर.

"साहेब विसरला असेल," विश्वेश्वरपंत म्हणाले.

"शरू नाव का सांगत नाही रे?" आईने मला विचारले.

आता त्या पत्राविषयी लिहितो. तू विचारले होतेस, 'दादा, शेवटी नाव सांगावे लागते. कोणते सांगू?' ते पत्र मी घरात कुणालाच दाखवले नाही. तुला कार्ड टाकले, 'आपले नाव घेऊ नकोस. नानांना गल्लीत तोंड दाखवता येणार नाही.' मला वाटले, तू कुठले तरी खोटे नाव घेशील. किती सोपे होते ते! तू माझे ऐकलेस, पण दुसऱ्या कुणाचे नावही लावून घेतले नाहीस. जागा मोकळी ठेवलीस.

मी तिथेच, चारचौघांत, आईला त्या कार्डाचे सांगितले. ती माझ्याकडे पाठ फिरवून कर्ण्याशी गेली. विश्वेश्वरपंतांना म्हणाली, "सुई परत लावा."

तू पुन्हा गायलीस. शेवटचा सूर विरला, तू श्वास घेतलास, आणि आई कर्ण्याशी वाकून, तबकडीवरच्या बायांसारखी हिंदीत, मोठ्याने म्हणाली, "शरदिनी! हमारी बिटिया! दूधविनायक, बनारस!"

तू गाणे शिकायला घर सोडून गेलीस, त्याला चार वर्षे झाली. नानांच्या धाकाने तेव्हापासून तुझे नाव या गल्लीत कुणी घेतले नव्हते. नाना आपल्या ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकले. ते उठून आत गेले नाहीत, एवढेच खात्रीने लिहू शकतो.

दुपारपर्यंत आईने तबकडी सात वेळा लावायला लावली आणि सातही वेळा त्या जागी तुझे नाव घेतले. आता तिचा घसा बसला आहे.

ते कार्ड तुझ्यापाशी असेल तर फाडून टाक. क्षमा मागायला माझे तोंड नाही, तरी मागतो. पुढच्या वेळी कर्ण्यापुढे उभी राहशील तेव्हा नाव घे. कुणाला विचारू नकोस. मलासुद्धा नाही.

शरदिनीचा भाऊ,
ढुंढिराज